एका धावेला साडेबारा लाख: चेन्नईनं केदारला सोडलं, ते बरोबर होतं का?

१२ लाख ५८ हजार रुपये. २०२०च्या आयपीएलमध्ये चेन्नई सुपर किंग्जला केदार जाधवची एकेक धाव एवढ्याला पडली. हिशेब सरळ आहे. त्याची हंगामाची किंमत ७ कोटी ८० लाख रुपये होती. तो ८ सामने खेळला, ५ डावांत फलंदाजीला उतरला आणि ६६ चेंडूंत ६२ धावा काढल्या. भागाकार करा, आकडा समोर येतो.

तो आकडा किती मोठा आहे, हे कळायला रणजी करंडकाकडे बघावं लागतं. त्या काळात रणजी खेळाडूला दिवसाला ३५ हजार रुपये मानधन मिळायचं. २०१९-२०च्या मोसमात महाराष्ट्राच्या वाट्याला साखळीत चार-चार दिवसांचे ९ सामने होते, म्हणजे ३६ दिवस. पस्तीस हजार गुणिले छत्तीस म्हणजे १२ लाख ६० हजार. महाराष्ट्राचा एखादा मुलगा साखळीतला प्रत्येक सामना खेळला, डिसेंबर-जानेवारीची थंडी अंगावर घेत मैदानात उभा राहिला, तर त्याला अख्ख्या मोसमात जेवढे मिळतील, तेवढे पैसे आयपीएलमधल्या एका धावेला लागले. एका एकेरी धावेला.

जानेवारी २०२१मध्ये चेन्नईनं केदारला संघातून मुक्त केलं. पुण्यात तेव्हापासून हा वाद आहे. एका बाजूचं म्हणणं, फार आधीच सोडायला हवं होतं. दुसरी बाजू म्हणते, कोथरूडच्या या पोरावर अन्याय झाला, एका वाईट हंगामाची शिक्षा त्याला मिळाली. दोन्ही बाजू आकडे फेकतात, पण ते आकडे अर्धेच असतात. म्हणून सगळा ताळेबंद एकदा मांडायला हवा.

एकाच ड्रेसिंग रूममधली १२८ पट दरी

२०२०च्या त्याच चेन्नई संघात पुण्याचा आणखी एक फलंदाज होता, ऋतुराज गायकवाड. केदारबरोबर रणजीत महाराष्ट्राकडून खेळलेला, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. त्याची किंमत होती २० लाख. त्या हंगामात त्यानं ६ डावांत २०४ धावा केल्या. एका धावेचा भाव पडला ९ हजार ८०० रुपये. एकच संघ, एकच हंगाम, दोघंही आपल्याच भागातले, आणि एकाची धाव दुसऱ्याच्या धावेपेक्षा १२८ पट महाग.

तिसरं नाव राहुल त्रिपाठीचं. तोही महाराष्ट्राच्या रणजी संघातला. कोलकाता नाइट रायडर्सनं त्याला ६० लाखांना घेतलं होतं. २३० धावा, म्हणजे धावेमागे सुमारे २६ हजार.

७ ऑक्टोबर २०२०ला अबूधाबीत कोलकाता आणि चेन्नई समोरासमोर आले. सलामीला आलेल्या त्रिपाठीनं ५१ चेंडूंत ८१ धावा केल्या. कोलकात्याच्या १६७ धावांतल्या जवळपास निम्म्या त्याच्या. चेन्नईचा पाठलाग निम्म्या डावापर्यंत आरामात चालला होता, मग तो अडखळला. केदार १२ चेंडूंत ७ धावा काढून नाबाद राहिला आणि सामना १० धावांनी गेला. त्या रात्री एक पुणेकर सामनावीर ठरला आणि दुसरा देशभर टीकेचा धनी झाला.

त्या १२ चेंडूंना आणखी एक किंमत होती. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी स्टार इंडियानं १६ हजार ३४७ कोटी ५० लाख रुपये मोजले होते. वर्षाला ६० सामने धरले, तर सामन्यामागे साडेचौपन्न कोटी होतात. एका सामन्यात जास्तीत जास्त २४० अधिकृत चेंडू. म्हणजे चेंडूमागे २२ लाख ७० हजार. केदारनं त्या रात्री खेळलेले १२ चेंडू पडद्यावर दिसले त्याची किंमत २ कोटी ७२ लाख. २०२३ ते २०२७चे हक्क तर ४८ हजार ३९० कोटींना गेले आणि एका चेंडूचा भाव ४९ लाखांवर पोचला. जिथे चेंडूचा भाव असा असतो, तिथे निर्धाव चेंडू कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांत खुपणारच.

आकडा खरा, पण अपुरा

तरीही धावेच्या भावावर माणसाची लायकी ठरवता येत नाही. याचा पुरावा ऋतुराजच देतो.

२०२१मध्ये त्यानं १६ सामन्यांत ६३५ धावा करून ऑरेंज कॅप मिळवली. किंमत तीच, २० लाख. एक धाव ३ हजार १५० रुपयांना. २०२५मध्ये तोच ऋतुराज कर्णधार होता, किंमत होती १८ कोटी. कोपराच्या दुखापतीनं पाच सामन्यांनंतर त्याला हंगाम सोडावा लागला. तोवर धावा झाल्या होत्या १२२. म्हणजे धावेमागे १४ लाख ७५ हजार, केदारच्या त्या बदनाम हंगामापेक्षाही महाग. चार वर्षांत एकाच फलंदाजाची धाव ४६८ पट महागली. फलंदाज ४६८ पटींनी बिघडला असं कुणी म्हणेल का? त्याच वर्षी ऋषभ पंतची धाव लखनौला १० लाखांना पडली. २३ कोटी ७५ लाखांच्या वेंकटेश अय्यरची कोलकात्याला पावणेसतरा लाखांना पडली. कोलकात्यानं अय्यरला सोडलं आणि पुढच्या लिलावात तो ७ कोटींना बेंगळुरूकडे गेला.

या भागाकारात वरचा आकडा लिलावाच्या दिवशी ठरतो. दोन संघ हट्टाला पेटले, की फलंदाजानं बॅट हातात घेण्याआधीच त्याची धाव महाग झालेली असते.

पुण्यानं हे फार जवळून पाहिलंय. २०११च्या लिलावात पुणे वॉरियर्सनं रॉबिन उथप्पासाठी २१ लाख डॉलर मोजले. प्रत्येक संघाच्या थैलीत तेव्हा एकूण ९० लाख डॉलर होते. जवळपास चौथा हिस्सा एका खेळाडूवर गेला. तीन हंगामांत त्या संघानं ४६ सामने खेळले आणि जिंकले फक्त १२. उलट २०१७च्या रायझिंग पुणे सुपरजायंटनं राहुल त्रिपाठीला १० लाखांत घेतलं. त्यानं ३९१ धावा केल्या, धावेमागे २ हजार ५५७ रुपये. त्याच संघात साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स होता. त्याच्या ३१६ धावा, एकेक सुमारे ४ लाख ५९ हजारांची. स्टोक्सनं १२ बळीही घेतले, हे सांगायलाच हवं. तो संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेनं हरला, १२९ विरुद्ध १२८. विजेत्याला १५ कोटी आणि उपविजेत्याला १० कोटी मिळाले. त्या एका धावेचा फरक ५ कोटींचा होता.

६६ चेंडूंवर निकाल?

केदारची बाजू घेणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथे येतो. २०२०मध्ये चेन्नई आठ संघांत सातवी आली. तोवर खेळलेल्या प्रत्येक हंगामात बाद फेरी गाठलेला हा संघ पहिल्यांदाच बाहेर राहिला. १४ सामन्यांत फलंदाजीसाठी जास्तीत जास्त १,६८० चेंडू मिळतात. त्यातले केदार खेळला ६६, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. खुद्द महेंद्रसिंग धोनीच्या त्या वर्षी २०० धावा झाल्या, एकही अर्धशतक नाही. १५ कोटींच्या हिशेबानं त्याची धाव साडेसात लाखांची. अपयश साऱ्या संघाचं होतं, चेहरा मात्र केदारचा झाला.

थोड्या चेंडूंवरून खेळाडूचा निकाल लावायचा का, हा प्रश्न बेसबॉलमध्ये वेगळ्या तऱ्हेनं सुटतो. अमेरिकेतला संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. सीमेजवळ क्षेत्ररक्षण करणारा आणि रोज फलंदाजीला येणारा आउटफिल्डर वर्षाला सहाशेहून जास्त वेळा बॅट घेऊन उभा राहतो. संघाला निर्णय घ्यायला भरपूर पुरावा मिळतो. आणि तरीही चूक होते. १५ जून १९६४ला शिकागो कब्जनं लू ब्रॉक नावाचा चाचपडणारा आउटफिल्डर सेंट लुइस कार्डिनल्सला देऊन टाकला. तेव्हा त्याची सरासरी होती .२५१, म्हणजे हजार संधींत २५१ यशस्वी फटके. नव्या संघात त्याच हंगामात ती .३४८ झाली. कार्डिनल्सनं त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपद जिंकलं. ब्रॉकनं कारकिर्दीत ९३८ बेस चोरले, म्हणजे फटक्याविना धावून पुढचा टप्पा गाठला, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या बदल्यात शिकागोला मिळालेला मुख्य खेळाडू, गोलंदाज अर्नी ब्रॉग्लिओ, त्यांच्यासाठी फक्त ७ सामने जिंकू शकला. साठ वर्षं झाली, तरी त्या शहरात हा सौदा जखमेसारखा आठवला जातो.

घाई किती महाग पडते, हे ऋतुराजच्या २०२०च्या डावांतही दिसतं. करोनातून उठून आलेल्या या मुलाच्या पहिल्या तीन डावांतल्या धावा होत्या ०, ५ आणि ०. त्या क्षणी त्याची एक धाव चार लाखांची होती. पुढचे तीन डाव: नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२. आधी ५ धावा, मग १९९. चौथी संधी मिळाली नसती, तर चेन्नईला पुढचा कर्णधार मिळाला नसता.

मग केदारच्या बाबतीत हाच धीर का नको?

तीन हंगामांचा ताळेबंद

कारण केदारचा पुरावा ६६ चेंडूंचा नव्हता. तो तीन हंगामांचा होता.

२०१८मध्ये वानखेडेवरच्या पहिल्याच सामन्यात त्याचा मांडीचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. नऊ बळी गेल्यावर लंगडत परतला. शेवटच्या षटकात ७ धावा हव्या होत्या. पहिले तीन चेंडू निर्धाव. मग मुस्तफिजूर रहमानला एक षटकार आणि एक चौकार. मुंबई हरली. केदारच्या २२ चेंडूंत नाबाद २४ धावा. दोन वर्षांच्या बंदीनंतर परतलेल्या चेन्नईचा तो पहिलाच सामना होता, आणि त्या वर्षी चेन्नईनं करंडक जिंकला. पण केदारचा हंगाम तिथेच संपला. २०१९मध्ये त्यानं १६९ चेंडूंत १६२ धावा केल्या आणि २०२०मध्ये ६६ चेंडूंत ६२.

एकूण २३ सामने, २५७ चेंडू, २४८ धावा. तिन्ही वर्षांचे २३ कोटी ४० लाख धरले, तर धावेमागे ९ लाख ४३ हजार. पैसा बाजूला ठेवा आणि केदारची तुलना केदारशीच करा. २०१७मध्ये बेंगळुरूकडून खेळताना त्याचा स्ट्राइक रेट १४३ होता, १८६ चेंडूंत २६७ धावा. त्याच वेगानं त्यानं हे २५७ चेंडू खेळले असते, तर ३६८ धावा झाल्या असत्या. प्रत्यक्षात १२० कमी झाल्या. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाच्या हातात मोजकेच चेंडू असतात. तिथे चेंडूला एक धावही निघत नसेल, तर पुढच्याला अशक्य काम करावं लागतं. ही तूट एका रात्रीची किंवा एका हंगामाची नव्हती.

दुसरी गोष्ट वयाची. शिकागोनं ब्रॉकला सोडलं तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. केदार जानेवारी २०२१मध्ये ३५ वर्षांचा होता. ब्रॉकच्या पुढे सगळी कारकीर्द पडलेली होती, केदारच्या बाबतीत तसं म्हणता येत नव्हतं.

यावर कुणी विचारेल, की मग त्याच महिन्यात चेन्नईनं राजस्थान रॉयल्सकडून उथप्पाला का घेतलं? तोही ३५चाच, दोघंही १९८५ सालचे. प्रश्न रास्त आहे. फरक किमतीचा होता. पुण्यात कधीकाळी सगळ्यात महाग ठरलेला उथप्पा आता ३ कोटींचा होता, केदार मात्र ७ कोटी ८० लाखांचाच.

सोडायला किती खर्च येतो, हेही बघायला हवं. बेसबॉलमध्ये करार झाला, की खेळाडू चालो न चालो, पैसे द्यावेच लागतात. न्यू यॉर्क मेट्सनं बॉबी बोनिया नावाच्या आउटफिल्डरला २००० साली सोडलं. आधीच्या हंगामात त्याची सरासरी .१६० होती. त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे बाकी होते. ते आठ टक्के व्याजानं पुढे ढकलायचं ठरलं. २०११पासून २०३५पर्यंत दर १ जुलैला मेट्स त्याला ११ लाख ९३ हजार डॉलर देतात. एकूण बेरीज २ कोटी ९८ लाख डॉलर. न खेळणाऱ्या माणसाला पंचवीस वर्षं पगार.

आयपीएलमध्ये असं नाही. खेळाडू मुक्त केला, की त्याची पूर्ण रक्कम संघाच्या थैलीत परत येते. २०२१च्या लिलावाला चेन्नई १९ कोटी ९० लाख घेऊन बसली, त्यातले ७ कोटी ८० लाख केदारचे होते. सोडायला एक रुपयाही खर्च नव्हता. ठेवायला मात्र थैलीतला दोन-पंचमांश भाग गेला असता.

त्या पैशांचं काय झालं?

चेन्नईनं मोईन अलीला ७ कोटींना घेतलं. त्यानं ३५७ धावा केल्या आणि ६ बळी घेतले, धाव दोन लाखांहून थोडी स्वस्त पडली. उथप्पाला चारच डाव मिळाले, ११५ धावा. पण त्यातल्या ६३ दिल्लीविरुद्ध पहिल्या क्वालिफायरमध्ये आल्या आणि ३१ अंतिम सामन्यात, त्याही १५ चेंडूंत. १५ ऑक्टोबर २०२१ला चेन्नईनं कोलकात्याला २७ धावांनी हरवून करंडक उचलला. आदल्या वर्षी सातवा आलेला संघ विजेता झाला.

सगळाच पैसा कारणी लागला असं मात्र नाही. कृष्णप्पा गौतमसाठी ९ कोटी २५ लाख मोजले आणि तो एकही सामना खेळला नाही. भागाकारात शून्यानं भागावं लागतं, तिथे गणितही थांबतं. पैसा मोकळा होणं आणि तो शहाणपणानं वापरला जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून केदारला सोडण्याचं समर्थन करंडकावरून करू नये. तो करंडक अनेक कारणांनी आला.

खरा पुरावा लिलावात मिळाला. केदारचं नाव पुकारलं गेलं आणि सनरायझर्स हैदराबादनं त्याला २ कोटींच्या पायाभूत किमतीला घेतलं. चेन्नई त्याला तिथे परत घेऊ शकत होती, घेतलं नाही. २ कोटी आणि ७ कोटी ८० लाख यांतलं ५ कोटी ८० लाखांचं अंतर, हेच या वादाचं उत्तर आहे. हैदराबादकडून केदार ६ सामने खेळला, ५५ धावा केल्या. पुढच्या वर्षीच्या महालिलावात त्याला कुणी घेतलं नाही.

जे आकड्यांत मावत नाही

आता दुसरा ताळेबंद. १५ जानेवारी २०१७, गहुंजे. इंग्लंडच्या ३५० धावा. भारत ४ बाद ६३. तिथून विराट कोहली आणि केदारनं १४७ चेंडूंत २०० धावांची भागीदारी केली. केदारनं ७६ चेंडूंत १२० धावा काढल्या, पायात गोळे येत असताना, स्वतःच्या गावच्या प्रेक्षकांसमोर. भारतानं ११ चेंडू राखून सामना जिंकला. २०१३-१४च्या रणजी मोसमात त्यानं १,२२३ धावा केल्या, देशात सगळ्यात जास्त. महाराष्ट्र त्या वर्षी अंतिम फेरीत पोचला. भारतासाठी ७३ एकदिवसीय सामन्यांत १,३८९ धावा, त्याही चेंडूला एकाहून जास्त वेगानं, आणि खांदा खाली झुकवून टाकलेल्या गोलंदाजीवर २७ बळी.

आणि जानेवारी २०२३. आयपीएलच्या बाजारात भाव उरलेला नसताना, ३७व्या वर्षी, त्यानं गहुंजेच्याच मैदानावर आसामविरुद्ध २८३ चेंडूंत २८३ धावा केल्या. ३५ हजारांच्या जागी तेव्हा ज्येष्ठ रणजी खेळाडूला दिवसाला ६० हजार मिळत होते. त्या डावाची एकेक धाव काही शे रुपयांची. त्याच वर्षी तो मराठीत आयपीएलचं समालोचन करत असताना बेंगळुरूनं त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावलं आणि तो गेला. ३ जून २०२४ला त्यानं निवृत्ती घेतली.

माझा निर्णय असा. ७ कोटी ८० लाखांना केदारला ठेवणं चूक ठरलं असतं. चेन्नईनं त्याला सोडलं, ते बरोबर होतं. किंमत, तीन वर्षांचा वेग आणि वय, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. पण ती किंमत त्यानं मागून घेतली नव्हती, लिलावातल्या बोलींनी ती त्याच्या गळ्यात घातली. संघाच्या चार टक्के चेंडूंसाठी सगळ्या हंगामाचा राग त्याच्यावर काढणं हा अन्याय होता आणि त्यात आपणही सामील होतो.

पुढच्या लिलावानंतर आपल्या भागातला एखादा पोरगा कोट्यवधींना विकला जाईल आणि एखाद्या हंगामात चाचपडेल. तेव्हा त्याला सोडावं की ठेवावं, यावर जरूर भांडा, आकडे काढा, भागाकार करा. फक्त भागाकाराचं उत्तर त्या पोराच्या नावापुढे शिवी म्हणून लावू नका.